जबड्याचं दुखणं आणि हातांचा उपचार

18 सप्टेंबर 1895 रोजी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, मिसिसिपीकाठच्या डेव्हनपोर्ट शहरात डॅनियल डेव्हिड पामर यांनी हार्वी लिलार्ड या सफाई कामगाराच्या पाठीचा एक मणका दाबला. लिलार्ड यांना कित्येक वर्षं नीट ऐकू येत नव्हतं. मणका जागेवर बसताच ऐकू येऊ लागलं, असं पामर यांचं म्हणणं. या दाव्यावर कायरोप्रॅक्टिक ही उपचारपद्धती उभी राहिली. मणका सरकला की मज्जातंतू दबतात आणि त्यातून रोग होतात, हा तिचा मूळ सिद्धांत. तो शास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. तरीही या परंपरेत वापरले जाणारे हातांचे काही उपचार जबड्याच्या जुनाट दुखण्यावर उपयोगी ठरत आहेत. म्हणून सिद्धांताची आणि उपचाराची पारख वेगवेगळी करायला हवी.

कानाच्या अगदी पुढे बोट टेकवून तोंड उघडलं की जबड्याचा सांधा हलताना कळतो. खालचा जबडा हे एकच हाड असल्यामुळे दोन्ही बाजूंचे सांधे एकदम चालतात. हाडाचा गोल माथा आधी जागच्या जागी फिरतो, मग पुढे घसरतो. मध्ये कुर्चेसारखी एक चकती असते. ती सरकली की ‘कट्’ असा आवाज येतो. नुसता आवाज येत असेल, दुखत नसेल, तर उपचारांची गरज सहसा नसते. दुखणं पुष्कळदा चावण्याच्या स्नायूंचं असतं. झोपेत दात खाणं, ताणाखाली दातांवर दात दाबून ठेवणं, अपुरी झोप यांनी त्यात भर पडते. कानशील ठणकतं, जांभई धड देववत नाही, कानाला दडे बसतात.

सेंट लुईसचे कान-नाक-घसातज्ज्ञ जेम्स कॉस्टन यांनी 1934 मध्ये या लक्षणांचा संबंध पडलेल्या दाढांशी जोडला. जबडा मागे सरकतो आणि नसांवर दाब येतो, हे त्यांचं स्पष्टीकरण शरीररचनाशास्त्रज्ञांनी पुढे खोडून काढलं. पण दात तासून चाव्याची ठेवण बदलण्याचे उपचार चालूच राहिले. त्याहून दारुण प्रकरण 1980च्या दशकातलं. चकतीच्या जागी बसवायच्या टेफ्लॉनयुक्त प्रोप्लास्ट रोपणांना अमेरिकेत 1983 मध्ये परवानगी मिळाली. चावण्याच्या दाबाने त्यांचे कण सुटले, शरीराने त्यांच्याविरुद्ध प्रतिक्रिया दिली आणि अनेकांच्या सांध्याचं हाड झिजलं. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला ही रोपणं परत मागवावी लागली. या दुखण्यात ज्या उपचारातून मागे फिरता येतं, तोच आधी करावा, हा धडा रुग्णांनी फार मोठी किंमत मोजल्यावर मिळाला.

हातांचे उपचार महत्त्वाचे ठरतात ते इथे: त्यांतून मागे फिरता येतं. चेहऱ्याची संवेदना वाहून नेणारी नस आणि मानेच्या वरच्या तीन मज्जातंतूंचे धागे मेंदूच्या तळाशी एकाच केंद्रात येऊन मिळतात. त्यामुळे मान आणि जबडा यांचं दुखणं एकमेकांत मिसळतं. म्हणूनच कायरोप्रॅक्टर दोन्हींकडे पाहतात. ऑस्ट्रेलियात 93 रुग्णांवर झालेल्या, 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हातमोजा घालून तोंडाच्या आतून स्नायू दाबण्याचा उपचार पाच आठवडे दिला गेला. नुसत्या प्रतीक्षायादीवरच्या गटापेक्षा या रुग्णांचं दुखणं वर्षअखेरीसही कमी होतं. ज्यांना घरचे व्यायाम आणि माहितीही दिली, त्यांना अधिक आराम पडला. खुद्द आयोवात 80 जणांवर छोट्या उपकरणाने ठोके देण्याची चाचणी झाली. अशी चाचणी नीट घेता येते का, एवढंच तिला तपासायचं होतं. तिच्यावरून त्या उपकरणाचे गुण गाता येणार नाहीत.

डिसेंबर 2023 मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकाने जबड्याच्या जुनाट वेदनेसाठी मार्गदर्शक शिफारशी छापल्या. त्यांच्यामागे 153 चाचण्या आणि 8713 रुग्णांच्या माहितीचं विश्लेषण होतं. वेदनेशी जुळवून घ्यायला शिकवणारी मानसोपचारपद्धती, सांधा हळूहळू हलवणं, स्नायूंमधल्या दुखऱ्या गाठी हाताने दाबणं, देखरेखीखाली जबड्याचे आणि शरीराच्या ठेवणीचे व्यायाम यांना जोरदार पाठिंबा मिळाला. झटक्याने सांधा हलवण्याला मिळालेला पाठिंबा सावध, सशर्त होता. चकती काढून टाकण्याला ठाम विरोध होता. पाठिंबा मिळालेले हे हातांचे उपचार कायरोप्रॅक्टरांची मक्तेदारी नाहीत. शिकलेला फिजिओथेरपिस्टही ते करतो.

मानेला दिलेल्या झटक्याबाबत मात्र सावध राहायला हवं. क्वचित मानेतल्या धमनीचं आतलं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याची नोंद आहे, आणि अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2014 मध्ये रुग्णाला ही शक्यता आधी सांगावी असं म्हटलं आहे. आपल्याकडे सलूनमध्ये दाढीनंतर हौसेने मान मोडून घेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं.

महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट आधी तपासावी लागते. गुटखा, सुपारी खाणाऱ्याचं तोंड कमी उघडत असेल, तर गालाच्या आतलं अस्तर कडक होण्याचा, कर्करोगाकडे झुकणारा विकार असू शकतो. अशा तोंडाला मालीश करत बसणं म्हणजे मोलाचा वेळ घालवणं. याखेरीज, चालताना दुखणारा आणि थांबल्यावर शमणारा जबडा हृदयविकाराची सूचना असू शकतो. पन्नाशीनंतर घास चावताना जबडा भरून येत असेल आणि कानशील दुखत असेल, तर रक्तवाहिन्यांच्या दाहाने दृष्टी जाण्याचा धोका असतो.

म्हणून पहिली पायरी निदानाची: डेंटिस्ट किंवा डॉक्टर. त्यानंतर हातांचा उपचार जरूर घ्यावा, पण तो देणाऱ्याला तीन प्रश्न विचारूनच: मानेला झटका देणार का? घरी कोणते व्यायाम करायचे? किती आठवड्यांत फरक पडला नाही तर थांबायचं? ज्याच्याकडे या तिन्हींची सरळ उत्तरं आहेत, त्याच्याकडे आपला जबडा सोपवावा.