जुनी मोटार घेताना

बाजारात बैल घेताना आपण झुलीवर भाळतो का? दात पाहतो, चालवून पाहतो, मगच सौदा करतो. जुनी मोटार घेतानाही हीच रीत धरावी. पोटाला चिमटा घेऊन साठवलेला पैसा नुसत्या रंगावर घालवू नये.

गाडी पाहावयास सकाळी जावे. ‘इंजिन आधी चालू करून ठेवू नका’ असे मालकाला आदल्या दिवशीच सांगावे; कारण तापलेल्या इंजिनात पुष्कळ दोष झाकले जातात. धूर निळसर येत राहिला, तर इंजिन ऑइल जाळते आहे असे समजा. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. ‘२३१८’ म्हणजे २०१८ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत दिसली, तरी जुने रबर दगा देते, बरे का! गाडीखाली वाकून गंजही पाहा.

मग कागद. आरसी बुकातले इंजिन व चासी नंबर गाडीवर स्वतः ताडून घ्या. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे तपासणी होऊन ती ५ वर्षांसाठी वाढते. १४ वर्षांची गाडी स्वस्तात मिळाली, तर हा खर्चही किमतीत धरा. गाडीवर कर्ज असल्यास ते फिटल्याचा बँकेचा दाखला मागा. आरटीओत नाव चढेपर्यंत व्यवहार पुरा झाला असे मानू नका.

आणि सगळी पुंजी खरेदीतच ओतू नका. ब्रेक-टायरांसाठी थोडी राखा. त्या गाडीत आपलीच मुलेबाळे बसणार आहेत ना?