काटकसरी यंत्रबुद्धि

ठराविक हांक ऐकतांच जागें होणारें यंत्र ऐकलेला प्रत्येक आवाज दूरच्या संगणकाकडे धाडूं लागलें, तर त्याची बॅटरी लवकर संपेल. कारण असे सतत निरोप धाडण्यास जागच्या जागीं विचार करण्याहून पुष्कळ अधिक वीज लागते. शिवाय घरांतलें बोलणें बाहेर जाईल, तें निराळेंच!

म्हणून मोठ्या संगणकावर दिलेलें शिक्षण आटोपशीर करून यंत्रांतच ठेवितात. ३२ बिटांचे आंकडे ८ बिटांत बसविले, कीं जागा चौथाईवर येते. अचूकपणा मात्र किंचित् उणावतो. 'आर्डुइनो नॅनो ३३ बीएलई सेन्स' या बोर्डाची कामाची स्मृति अवघी २५६ किलोबाइट. तेवढ्यांतही एखाददुसरा शब्द ओळखतां येतो. पाढे पाठ असलेला मुलगा दर गुणाकारास गुरुजींकडे धांवत नाहीं, तसेंच हें.

असें यंत्र घेतांना एवढें अवश्य विचारा: याचा विचार घरांत चालतो, कीं बाहेर?