एक देश, एकच घड्याळ?

गुजरातच्या पश्चिम टोकापासून अरुणाचलच्या पूर्व टोकापर्यंत भारत सुमारे 29 रेखांश पसरला आहे. म्हणजे सूर्याच्या हिशेबाने जवळजवळ दोन तासांचा फरक. घड्याळ मात्र सगळीकडे एकच, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या 82.5 अंश रेखांशाचे. जूनमध्ये गुवाहाटीत साडेचारच्या सुमाराला लख्ख उजाडते, तेव्हा द्वारकेला अजून मिट्ट काळोख असतो. डिसेंबरात गुवाहाटीचा सूर्य साडेचारलाच मावळतो आणि सरकारी कचेऱ्यांत दिवे लावून काम चालते.

यावर आसामच्या चहामळ्यांनी इंग्रज अमदानीतच तोडगा काढला. तिथे ‘बागान टाइम’ चालतो, प्रमाणवेळेपेक्षा एक तास पुढे. मळ्याचा भोंगा आठला वाजला, की गावातल्या घड्याळात सात! उजेड वाया न घालवण्याचा हा रोकडा शहाणपणा आजही अनेक मळ्यांत टिकून आहे.

मुंबईचा हट्ट याच्या उलट होता. 1 जानेवारी 1906 रोजी प्रमाणवेळ लागू झाली, पण ती पडली ‘बॉम्बे टाइम’च्या 39 मिनिटे पुढे. ही सरकारी घाई मुंबईकरांना रुचली नाही. जुनी वेळ शहरात स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे रेंगाळली.

चीनमध्येही अधिकृत वेळ एकच, बीजिंगची. तरी शिंजियांगमधले अनेक उइघुर दोन तास मागची स्थानिक वेळ पाळतात.

2018 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी ईशान्येसाठी एक तास पुढची स्वतंत्र वेळ सुचवली. केंद्र सरकारने ती स्वीकारलेली नाही.