गळ्यातून गजात

मांडी घालून बसायचे, व्हायोलिनचे एक टोक डाव्या खांद्याशी आणि दुसरे उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवायचे. वाद्य असे तोलले की ते धरून ठेवण्याच्या कामातून डावा हात सुटतो आणि बोट तारेवरून हवे तिथवर घसरत जाते. युरोपातून आलेल्या या वाद्यात मींड रुजली ती या बैठकीच्या आधाराने. पट्टीवर पडदे नाहीत. सूर कानानेच शोधायचा. पं. गजाननबुवा जोशी यांनी हा शोध गळ्याच्या वाटेने घेतला, म्हणून त्यांचे मोल मला फार मोठे वाटते.

बुवांचा जन्म 1911चा, मुंबईतला. वडील अंतूबुवा हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य आणि औंध संस्थानचे दरबारी गायक. ग्वाल्हेरची गायकी अशी घरातच होती. पुढे बुवा रामकृष्णबुवा वझ्यांकडे शिकले, भूर्जीखाँसाहेबांकडून जयपूरची आणि विलायत हुसेन खाँसाहेबांकडून आग्र्याची तालीम घेतली. व्हायोलिन मात्र त्यांनी स्वतःच्या मेहनतीने हस्तगत केले.

गायकी अंगाच्या वादनात गज कुठे पालटायचा हा प्रश्न गायकाने श्वास कुठे घ्यावा इतकाच नाजूक असतो. चुकीच्या जागी पालटला, तर बंदिशीचा बोल मधेच तुटतो. ज्याने तो बोल तंबोऱ्यापुढे बसून वर्षानुवर्षे घोटला आहे, त्याच्या हाताला ही जागा सांगावी लागत नाही. बुवा एकल वाजवत, साथही करत आणि स्वतः गातही. आकाशवाणीची नोकरीही त्यांनी केली. श्रीधर पार्सेकरांसारखा व्हायोलिनवादक त्यांचा शिष्य.

पण वादनाइतकेच त्यांचे दुसरे काम मोलाचे आहे. अंतूबुवांचे आध्यात्मिक गुरू शिवानंदस्वामी यांच्या स्मरणार्थ बुवांनी 1940 साली औंधात संगीत महोत्सव सुरू केला. त्याच वर्षी रेडिओने हार्मोनियमला दार बंद केले होते; शहरात गाण्याचे भवितव्य दिल्लीच्या फर्मानांवर हलत होते, आणि यमाईच्या डोंगराखालच्या या लहान गावात एक कलावंत गुरुपरंपरेच्या नावाने मैफल मांडत होता. संस्थाने विलीन झाली, दरबार गेले. महोत्सव आश्विन वद्यात भरतच राहिला. आमच्या साजगावात दिवाळीनंतर कार्तिकात विठोबाची जत्रा भरते, सुक्या बोंबलांचा बाजार लागतो, लांबलांबून माणसे येतात. गाव वर्षाच्या एका तिथीभोवती कसे गोळा होते ते आम्ही जाणतो. औंधात तसे गाण्याभोवती घडवणे अधिक अवघड होते.

उत्तरायुष्यात बुवा डोंबिवलीत राहिले. साजगावाहून खोपोली स्टेशन गाठले, की कर्जत-कल्याणमार्गे लोकल तिथेच नेते. तरी आमच्या पट्ट्यात त्यांचे नाव फार थोड्यांना ठाऊक असावे, याची मला मनापासून खंत आहे. उल्हास कशाळकर, पद्मा तळवलकर हे त्यांच्याकडे शिकलेले गायक. कशाळकरांच्या गाण्यात ग्वाल्हेर, जयपूर आणि आग्रा एकत्र नांदतात. त्यामागे ही तालीम आहे. अंतूबुवांना 1955 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला होता, मुलाला 1972 साली.

बुवा 1987 साली गेले. औंधचा महोत्सव त्यांच्या घरच्यांनी आणि शिष्यांनी पुढे चालवला. त्यांची नात अपूर्वा गोखले आज गायिका म्हणून मैफली गाजवते आहे.