चोवीसचा आकडा आणि नाशिक रोडची रात्र

पहिला आधुनिक एअर कंडिशनर 1902 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यासाठी आखला गेला. दमट उन्हाळ्यात सॅकेट अँड विल्हेल्म्सच्या छापखान्यात कागद फुगायचा, पुन्हा आकसायचा, आणि एकावर एक छापले जाणारे रंग जागा सोडायचे. विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने त्यावर जो आराखडा केला त्यात हवेतली आर्द्रता वर्षभर 55 टक्के धरली होती. तापमानाचे आकडे मात्र दोन होते: हिवाळ्यात 70 अंश फॅरनहाइट, उन्हाळ्यात 80. भारत प्रतिभूती मुद्रणालय आणि चलार्थपत्र मुद्रणालय यांच्याभोवती वाढलेल्या नाशिक रोडला कागद आणि हवा यांचं नातं समजावून सांगायला नको. मला त्या आराखड्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. कागदासारख्या नाजूक मालासाठीही उन्हाळ्याचा आकडा वेगळा होता, आणि सेल्सियसमध्ये तो भरतो 26.7.

आज आपल्या रिमोटवर जो आकडा आधी दिसतो तो 24. जून 2018 मध्ये तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी एसी 24 ते 26 अंशांवर ठेवण्याची मोहीम सुरू केली. ऊर्जा दक्षता ब्युरोचा, म्हणजे बीईईचा, हिशेब असा होता की तापमान एक अंश वर ठेवलं की सुमारे 6 टक्के वीज वाचते. 1 जानेवारी 2020 पासून ताऱ्यांचं लेबल असलेला प्रत्येक घरगुती एसी 24 वरच सुरू होईल असा नियम झाला, आणि जून 2025 मध्ये ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी एसीची मर्यादाच 20 ते 28 अंशांत बांधण्याचा मनोदय जाहीर केला. सोळा-अठरावर एसी लावणाऱ्या देशाला 24 वर आणणं हे चांगलंच पाऊल होतं. पण नाशिक रोडच्या घरासाठी, इथल्या हवेसाठी आणि इथल्या लाइट बिलासाठी 24 हा योग्य आकडा नाही. उन्हाळ्यात तो 27 च्या आसपास हवा, सोबत पंखा हवा, आणि ऋतू पालटला की आकडाही पालटायला हवा.

आधी बिलाचं पाहू, कारण घराघरातला वाद तिथेच सुरू होतो. महावितरणच्या घरगुती दराला पायऱ्या आहेत: 100 युनिटांपर्यंत, 300 पर्यंत, 500 पर्यंत आणि त्यापुढे. शंभरी ओलांडली की सगळंच बिल वरच्या दराने लागतं, हा समज चुकीचा आहे. वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. 2024-25 साठी वीज आकार पहिल्या पायरीवर 4 रुपये 71 पैसे, दुसरीवर 10 रुपये 29 पैसे आणि तिसरीवर 14 रुपये 55 पैसे होता. प्रत्येक युनिटावर 1 रुपया 17 पैसे वहन आकार वेगळा, आणि या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क. म्हणजे इंधन समायोजन बाजूला ठेवलं तरी पहिल्या पायरीवरचं युनिट 6 रुपये 82 पैशांना, दुसरीवरचं 13 रुपये 29 पैशांना आणि तिसरीवरचं 18 रुपये 24 पैशांना पडत होतं. त्यानंतर नियामक आयोगाचे नवे आदेश आले, दर बदलले, पण पायऱ्या राहिल्या. फ्रिज, दिवे, मिक्सर, टीव्ही हे बारमाही खर्च खालच्या पायऱ्या भरून टाकतात. मे महिन्यातला एसी त्यांच्या डोक्यावर येऊन बसतो, म्हणून त्याचं युनिट नेहमी घरातलं सर्वांत महागडं युनिट असतं. बिलाला वापरलेल्या युनिटांनी भागून निघणारा सरासरी दर एसीच्या बाबतीत दिशाभूल करतो. विचार शेवटच्या युनिटाच्या किमतीचा करायला हवा.

आता एसीवरचं ताऱ्यांचं लेबल नीट वाचू. त्यावर वर्षाला किती युनिट लागतील ते छापलेलं असतं आणि तो आकडा 1600 तासांच्या वापराचा असतो. लेबलवर 800 असेल तर सरासरी तासाला अर्धं युनिट. पण ही चाचणी खोलीचं कोणतं तापमान धरून होते? बाहेर 35 अंश आणि खोलीत 27. दुकानात आपण तारे मोजतो, युनिटांची तुलना करतो आणि घरी आणून तेच यंत्र 22 वर लावतो. लेबलवरचं आश्वासन मात्र 27 अंशांच्या खोलीचं असतं. ढोबळ हिशेब असा. घराचा एरवीचा वापर 200 युनिट, एसी रोज रात्री आठ तास, महिनाभर. 27 वर एसीची 120 युनिटं, एकूण 320. बीईईचा 6 टक्क्यांचा नियम लावला तर 24 वर साधारण 21 युनिटं आणि 20 वर सुमारे 50 युनिटं जास्त लागतील, आणि ती सगळी तिसऱ्या पायरीवरची. महिन्याला अनुक्रमे 380 आणि 900 रुपयांच्या आसपास फरक. खोली लवकर गार व्हावी म्हणून सोळावर लावण्यानेही काही साधत नाही. यंत्राची कमाल ताकद ठरलेली असते. खालचा आकडा त्याला जास्त जोर देत नाही, फक्त थांबायची वेळ पुढे ढकलतो.

पैसे वाचतील, पण 27 वर झोप लागेल का? हा आक्षेप खरा आहे आणि त्याचं उत्तर शोधताना एका जुन्या शास्त्रीय वादाशी येऊन थांबावं लागतं. एका बाजूला डेन्मार्कचे पोव्ल ओले फँगर. त्यांचा ‘थर्मल कम्फर्ट’ हा ग्रंथ 1970 चा. बंद प्रयोगकक्षात बसवलेल्या अमेरिकन आणि डॅनिश विद्यार्थ्यांवरच्या प्रयोगांतून त्यांनी हवेचं तापमान, भिंतींची ऊब, वारा, आर्द्रता, कपडे आणि शरीराची हालचाल या सहा गोष्टींचं एक समीकरण मांडलं. काम मोलाचं होतं, पण जगभरच्या कार्यालयांनी त्यातून ‘सगळीकडे एकच तापमान’ असा सोयीचा अर्थ काढला. दुसऱ्या बाजूला चार्ल्स वेब हे आज जवळजवळ विस्मरणात गेलेले संशोधक. ब्रिटनच्या बिल्डिंग रिसर्च स्टेशनमध्ये काम करणाऱ्या वेब यांनी प्रयोगकक्षाऐवजी लोकांच्या रोजच्या जागांत जाऊन नोंदी घेतल्या: सिंगापुरात, बगदादमध्ये, इंग्लंडमध्ये आणि आपल्याकडे रुडकीत, जिथे केंद्रीय भवन अनुसंधान संस्था आहे. खोलीचं तापमान किती, वारा किती, आणि त्या क्षणी तुम्हाला कसं वाटतं? हाच प्रश्न पुन्हा पुन्हा. त्यांच्या लक्षात आलं की प्रत्येक ठिकाणचे लोक साधारणपणे आपापल्या नेहमीच्या तापमानालाच सुखात असतात. इंग्लंडमधल्या माणसाला जे उकाड्याचं वाटेल ते रुडकीच्या माणसाला सहज चालतं.

वेब यांच्या नोंदींचं सोनं केलं ते फर्गस निकोल आणि मायकेल हम्फ्रीज यांनी. रुडकी आणि बगदादच्या नोंदींवरचा निकोल यांचा निबंध 1974 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि उष्ण प्रदेशातल्या माणसाला वाऱ्याची झुळूक किती दिलासा देते हे त्यात आकड्यांनी दिसलं. माणूस तापमान निमूटपणे सोसत बसत नाही. खिडकी उघडतो, पंखा लावतो, सुती कपडे घालतो, पाणी पितो, जागा बदलतो. या साध्या निरीक्षणावर पुढे अनुकूलनाचा सिद्धांत उभा राहिला. तरी त्याला मान्यता मिळायला वेळ लागला. रिचर्ड डी डिअर आणि गेल ब्रेगर यांच्या 1998 च्या अभ्यासानंतर, 2004 मध्ये, अमेरिकन मानकात तो आला. ज्या सिद्धांताच्या पायात रुडकीच्या नोंदी आहेत, तो आपल्या उंबरठ्याशी अमेरिकेची वाट करून पोहोचला याची मला खंत वाटते.

भारतातलं मोठं काम अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातून झालं. संयोगिता मनू, यश शुक्ल, राजन रावल, लीना थॉमस आणि डी डिअर यांचा 2016 चा अभ्यास पाच हवामानांच्या पाच शहरांत, 16 इमारतींत, सहा हजारांहून अधिक उत्तरांवर उभा आहे. त्यातून दोन सूत्रं निघाली. बाहेरची गेल्या काही दिवसांची सरासरी घ्यायची. पंख्या-खिडक्यांवर चालणाऱ्या इमारतीसाठी तिला 0.54 ने गुणून 12.83 मिळवायचे, गरजेपुरता एसी वापरणाऱ्या इमारतीसाठी 0.28 ने गुणून 17.87. नाशिकची मे महिन्यातली सरासरी 30 च्या आसपास धरली तर पहिलं सूत्र 29 सांगतं आणि दुसरं 26.3. डिसेंबरात सरासरी 20 धरली तर दोन्ही सूत्रं साडेतेवीसच्या आसपास येतात. हा अभ्यास कार्यालयांचा होता, घरांना कसा लागू होईल, अशी शंका रास्त आहे. पण घरी कपड्यांची, पंख्याची, खिडकीची मोकळीक कार्यालयापेक्षा जास्तच असते, म्हणून घरच्या माणसाची सहनशक्ती वरच्या बाजूला झुकते, खालच्या नाही. कागदासाठीचा जुना आराखडा, लेबलची चाचणी आणि भारतीय माणसांची उत्तरं या तीन वेगवेगळ्या वाटा 26 ते 27 च्या आसपास येऊन मिळतात. 24 हा त्यांपैकी एकाही वाटेवर नाही.

नाशिकच्या हवेत आणखी दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे रात्र. दुपारी 38-40 अंशांनी भाजणारा मे पहाटे बहुधा 22 ते 24 पर्यंत उतरतो. म्हणजे रात्रभर 22 वर चाललेला एसी पहाटे जी हवा पैसे मोजून तयार करतो, ती खिडकीबाहेर फुकट उभी असते. तरी खोली तापलेली राहते, कारण दिवसभर ऊन प्यायलेला सिमेंटचा स्लॅब रात्री उष्णता सोडत असतो. वरच्या मजल्यावर गच्चीला पांढरा परावर्तक रंग देणं हा यावरचा मूळ उपाय आहे. दुसरी गोष्ट म्हणजे कोरडेपणा. एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी पाण्याचा कूलर एसीच्या मानाने मोजक्या विजेत उत्तम काम करतो. जूनच्या ढगाळ, दमट दिवसांत तो निकामी होतो आणि तेव्हा एसीची खरी गरज पडते. दोन्ही यंत्रं असलेल्या घराने हा क्रम पाळला तरी बिलावर फरक दिसेल.

पंख्याबाबत मात्र हिशेबाने वागावं लागतं. जुना पंखा 75 वॅटचा. आठ तासांप्रमाणे महिन्याला 18 युनिटं. 24 वरून 27 वर जाऊन वाचलेल्या 21 युनिटांपैकी बहुतेक तोच खाऊन टाकतो. कमी वीज घेणाऱ्या बीएलडीसी मोटरचा पंखा 30 वॅटच्या आसपास चालतो आणि 7 युनिटांत भागवतो. जानेवारी 2023 पासून छताच्या पंख्यांवरही ताऱ्यांचं लेबल सक्तीचं झालं आहे. म्हणून नवा एसी घ्यायच्या आधी झोपायच्या खोलीतला पंखा बदलावा, हे मी ठामपणे म्हणेन.

सौर पॅनल लावले की हा सगळा हिशेब संपतो, असंही म्हटलं जातं. 2024 च्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78 हजारांपर्यंत अनुदान आहे आणि स्वतःची गच्ची असलेल्याने ते जरूर घ्यावं. पण जेल रोडच्या चार मजली सोसायटीत गच्ची सगळ्यांची असते आणि एसी चालतो रात्री, सूर्य नसताना. त्या वेळची वीज प्रामुख्याने एकलहऱ्यासारख्या कोळशाच्या केंद्रांतून येते. तिथे 210 मेगावॅटचे तीन संच आहेत आणि त्यांचा धूर याच परिसरावर पसरतो. वाचलेलं युनिट बिलात दिसतं तसं हवेतही दिसायला हवं. आजारी, वृद्ध आणि तान्ही बाळं यांचा आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करतो. उष्णतेच्या लाटेत त्यांच्यासाठी पैशांचा विचार न करता एसी लावावा, हवं तर 25 वर. काटकसर निरोगी माणसाने स्वतःपुरती करावी.

हिवाळ्यात हाच प्रश्न गिझरपाशी येतो. निफाडचा पारा 5 अंशांखाली गेल्याच्या बातम्या येतात तेव्हा नाशिक रोडलाही पाणी बर्फासारखं लागतं. बादलीभर पाणी 18 वरून 40 अंशांवर न्यायला जवळपास अर्धं युनिट लागतं, गिझरचा थर्मोस्टॅट कुठेही असो. वीज वाया जाते ती तापवून ठेवलेलं पाणी टाकीत निवताना. आकडा फार खाली आणणंही बरं नाही, कारण कोमट साठ्यात जिवाणू वाढतात. थर्मोस्टॅट 60 च्या आसपास ठेवावा, अंघोळीआधी गिझर लावावा आणि लगेच बंद करावा.

राहिली व्यवस्थेची जबाबदारी. एका उपखंडाला एकच आकडा देण्याऐवजी बीईईने शहर आणि महिन्यानुसार बदलणारा आरंभीचा आकडा यंत्रात घालावा. आजच्या एसीला ते अवघड नाही. लेबलवर 27 अंशांची अट ठळक छापावी. आणि महावितरणच्या बिलावर ‘तुमचं शेवटचं युनिट या महिन्यात इतक्याला पडलं’ अशी एक ओळ असावी. दरवाढीच्या जनसुनावण्या नाशिकलाही होतात. तिथे दराइतकीच ही मागणीही जोर लावून मांडायला हवी. तोवर मेच्या रात्री 27, पंखा दोनवर आणि पहाटे तीनला एसी बंद करणारा टायमर, एवढं ठरवायला कुणाच्या आदेशाची गरज नाही.