चाईवर बिब्बा नको

डोक्यावर रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा पडला की घरात पहिला शब्द निघतो, "चाई लागली." मग कोणी म्हणते केसात किडा शिरला, कोणी म्हणते बाहेरचे काही आहे. शेजारची म्हातारी लसूण चोळायला सांगते, दुसरी बिब्बा आणून देते. मुलगी लग्नाची असेल तर कोणाला कळू नये म्हणून हे सारे दाराआड चालते. बिब्बा उततो, कातडी सोलते, आणि केस परत आले तरी डाग मागे राहू शकतो.

वाचकहो, चाईत किडा नसतो. रोगजंतूंशी लढणाऱ्या आपल्याच शरीरातल्या पेशी चुकून केसांच्या मुळांवर तुटून पडतात. कुंपणाने शेत खावे, तसे. केस गळतो, पण मूळ मरत नाही; ऊस तोडल्यावर खोडवा जिवंत राहतो तसे ते कातडीखाली राहते. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही, तेव्हा पोराला शाळेतून घरी बसवू नका. मात्र डोक्यात खपल्या, तुटके केस आणि खाज असेल तर तो नायटा असू शकतो. तो लागतो, आणि त्याचे औषध वेगळे.

एखाद-दुसराच चट्टा असेल तर बऱ्याच जणांचे केस वर्षभरात आपोआप येतात. लसणाला आणि देवऋषाला यश मिळते ते यामुळेच! खरा प्रश्न निम्मेअर्धे डोके गेलेल्यांचा. त्यांच्यासाठी त्वचारोगाचे डॉक्टर एक चमत्कारिक वाटावा असा उपाय करतात: कातडीला मुद्दाम एका औषधाचे वावडे निर्माण करायचे. जर्मनीतले डॉक्टर रुडॉल्फ हॅपल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली यासाठी डायफेन्सिप्रोन हे औषध वापरले. त्याआधीचे एक औषध जंतूंवरच्या चाचण्यांत धोक्याचे दिसल्याने मागे पडले होते.

आधी डोक्याच्या छोट्या जागेवर शेकडा २ टक्क्यांचा द्राव लावतात. दोनेक आठवड्यांत शरीर ते औषध ओळखू लागते. मग अगदी पातळ द्रावापासून सुरुवात करून आठवड्यातून एकदा लावायचे आणि जोर हळूहळू वाढवायचा. दीड-दोन दिवस थोडी लाली, थोडी खाज, एवढेच हवे. या नव्या भांडणात गुंतलेल्या पेशी केसांच्या मुळांना सोडतात, असा डॉक्टरांचा कयास आहे. कित्येक डॉक्टर प्रथम अर्धेच डोके धरतात. त्या बाजूला केस उगवले आणि दुसरीकडे नाही, की औषधाचा गुण कोणालाही दिसतो. मला ही रीत फार आवडली. बियाण्याची परीक्षा आपणही अशीच घेतो.

"म्हणजे आजीचा बिब्बा बरोबरच होता की!" असे तुम्ही म्हणाल. जात एकच, हे खरे. बिब्ब्याचे तेलही कातडीला वावडे आणते. पण ते मोजता येत नाही. डॉक्टर हजारात, लाखात भाग मोजून औषध देतात आणि फोड आले तर थांबतात. गोडंबी फोडणाऱ्या बायकांचे हात पाहा, म्हणजे न मोजलेला बिब्बा काय करतो ते कळेल.

पथ्य कडक आहे. औषध ४८ तास डोक्यावर ठेवून मग धुवायचे. तोवर ऊन लागू द्यायचे नाही. शेतात जाणे टाळावे, निदान डोके नीट बांधावे. घरातल्या दुसऱ्याने त्या जागेला हात लावू नये आणि उशीचा अभ्रा वेगळा ठेवावा, नाहीतर त्यालाही वावडे जडते. गरोदर बाईला हा उपचार देत नाहीत. मानेत गाठी येणे, कातडीवर काळे-पांढरे डाग पडणे हेही घडते. गुण दिसायला तीन महिने, कधी सहा महिनेही लागतात. दर आठवड्याला एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी धरूनच ठरवा. सगळे डोके, भुवया, पापण्या गेलेल्यांना गुण कमी येतो, आणि आलेले केस पुन्हा जाऊही शकतात.

आता गोळ्याही निघाल्या आहेत. बॅरिसिटिनिब या गोळीला २०२२ साली अमेरिकेत मोठ्या माणसांच्या तीव्र चाईसाठी मान्यता मिळाली. ती घेण्याआधी क्षयाची आणि रक्ताची तपासणी लागते, म्हणून दुकानातून परस्पर आणू नका. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभाग असतो. आधी तिथे दाखवा.

आणि केस उगवू लागले की पहिली लव पुष्कळदा पांढरी असते. घाबरून ती उपटू नका. बहुतेकांच्या केसांत काळेपणा मागाहून उतरतो.