एक लिटरच्या डब्यातला हेक्टर

उल्हासनगर महापालिकेचं क्षेत्र सुमारे १३ चौरस किलोमीटर. २०११च्या जनगणनेत तिथे ५ लाख ६ हजार माणसं मोजली गेली, म्हणजे सरासरी एका हेक्टरवर ३९०. तेवढाच, एक हेक्टरचा पृष्ठभाग तिथल्या गल्लीत उभ्या असलेल्या छोट्या पेट्रोल गाडीच्या एक्झॉस्टमध्येही असतो, साधारण एक लिटरच्या डब्यात.

हा डबा म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. आत सिरॅमिकची जाळीदार वीट असते आणि तिच्या तोंडावर दर चौरस सेंटिमीटरला ६२ छिद्रं हे नेहमीचं प्रमाण. दहा सेंटिमीटर व्यासाच्या विटेत अशा जवळजवळ ४,९०० नळ्या भरतात. त्यांच्या उघड्या भिंती मोजल्या तर पावणेतीन चौरस मीटरच होतात. हेक्टर येतो तो भिंतींवर चढवलेल्या ॲल्युमिनाच्या लेपातून. हा लेप इतका सच्छिद्र, की त्याच्या एका ग्रॅमला किमान १०० चौरस मीटर पृष्ठभाग असतो, आणि लेप असतो शंभरेक ग्रॅम. त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचे नॅनोमीटरमध्ये मोजावे लागणारे कण पसरलेले असतात. धातू सगळा मिळून जेमतेम काही ग्रॅम. पण एका ग्रॅम पॅलेडियममधले अणू म्हणजे कोटी गुणिले कोटी गुणिले कोटी, आणि त्याच्या साडेपाच पट.

एवढा पसारा लागतो, कारण वेळ फार थोडा मिळतो. मध्यम वेगात इंजिनातला धूर विटेतून सेकंदाच्या सुमारे पंचविसाव्या भागात पार होतो. एक लिटर पेट्रोल जळायला अंदाजे ९,००० लिटर हवा लागते. मोठा माणूस दिवसभरात श्वासावाटे घेतो त्याहून ही थोडीच कमी. अंबरनाथहून कल्याणला गाडीने जाऊन आलं की लिटरभर संपतंच. ती सगळी हवा या नळ्यांतून जाते.

आता डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो आणि स्कॅनर दाखवतो पी०४२०: कन्व्हर्टरची कार्यक्षमता मर्यादेखाली. ऐकणाऱ्याला वाटतं, गाडीने धूर मोजला. गाडी धूर मोजत नाही. कन्व्हर्टरच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर असतो, नंतर एक. बऱ्याच गाड्यांत पुढचा सेन्सर सेकंदाला साधारण एकदा ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये खालीवर होतो, कारण इंजिन हवा-पेट्रोलचं १४.७ला १ हे प्रमाण सतत थोडं अलीकडे-पलीकडे करत राखतं. लेपातलं सिरियम ऑक्साइड जादा ऑक्सिजन धरून ठेवतं आणि कमी पडला की सोडतं. पाणी धो-धो येवो वा थांबून थांबून, गच्चीवरच्या टाकीमुळे घरातला नळ एकसारखा वाहतो. तसा मागचा सेन्सर ०.६-०.७ व्होल्टला जवळजवळ स्थिर राहतो. तोही पुढच्याच्या तालावर नाचू लागला की संगणक समजतो, साठवण संपली. पी०४२० हे त्या निरीक्षणावरून काढलेलं अनुमान आहे.

अनुमान असलं तरी ते हलकं घेऊ नये. ९८ टक्के धूर साफ करणारा कन्व्हर्टर ९४ टक्क्यांवर आला, तर चारच टक्के घसरला असं वाटतं. बाहेर मात्र २ऐवजी ६ टक्के पडतात. तिप्पट.

धातू झिजून जातो म्हणून असं होतं का? बहुतेकदा धातू जागेवरच असतो. दोन नॅनोमीटरच्या कणात निम्मे अणू पृष्ठभागावर असतात. अति उष्णतेने कण एकमेकांत मिसळून वीस नॅनोमीटरचे झाले, की विसातला एकच अणू वर उरतो. भंगारवाल्याच्या लेखी किंमत तीच, काम दहावा हिस्सा.

ती उष्णता येते कुठून, हे शोधणं हेच खरं निदान. चार सिलिंडरच्या इंजिनात एक प्लग मेला, तर २,००० आरपीएमला मिनिटाला १,००० वेळा न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं. म्हणून आधी मिसफायरचे कोड पाहावेत, प्लग आणि कॉइल तपासावेत. मग मॅनिफोल्डपासून मागच्या सेन्सरपर्यंत गळती शोधावी, कारण तिथून आत शिरलेली हवा सेन्सरना फसवते. इंजिन ऑइल पीत असेल तर त्यातला फॉस्फरस लेपावर बसतो. ते न सुधारता नवा कन्व्हर्टर लावला तर तोही त्याच वाटेने जाणार. मागचा सेन्सर बदलून पाहण्याची पद्धत मला पटत नाही. म्हातारा, मंद झालेला सेन्सर चढउतार कमी दाखवतो, म्हणजे कन्व्हर्टर आहे त्याहून बरा भासतो.

वीट फोडून डबा पोकळ करून घेणं तर एका हेक्टरला ३९० माणसं राहतात तिथे अक्षम्य आहे. पीयूसीवर पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन तपासतात. नायट्रोजनचे ऑक्साइड तपासतच नाहीत. १ एप्रिल २०२०पासूनच्या बीएस-सहा पेट्रोल गाडीला त्यांची मर्यादा किलोमीटरला फक्त ६० मिलिग्रॅम आहे, आणि कन्व्हर्टरमध्ये ती मुख्यतः ऱ्होडियम सांभाळतो. रस्त्यावर त्याच्या कामावर नजर ठेवणारा हा पिवळा दिवाच काय तो असतो.

दुरुस्तीनंतर कोड खोडला की दिवा विझतो, पण तपासणी झालेली नसते. ती तापलेल्या इंजिनावर, एकसारख्या वेगात होते आणि दोष साधारणपणे लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसला तरच दिवा पुन्हा लागतो. कल्याण-बदलापूर रस्त्यावरच्या कोंडीत तसा वेग मिळणं कठीण. पहाटे काटई-बदलापूर रस्त्यावर गाडी एका लयीत चालवावी, मग स्कॅनरवर कन्व्हर्टरची तपासणी पूर्ण झाली का ते पाहावं, आणि त्यानंतरच मेकॅनिकचे पैसे चुकते करावेत.